पोकरच्या भाषेत 'हरले' कसं म्हणतात?

माझ्या फोनमधल्या नोट्समध्ये दीड वर्षं एक फाइल होती. तिचं नाव 'बॅड बीट्स'. त्यातली एक नोंद अशी: 'मला एक्क्यांची जोडी, त्याला राजांची. सगळे पैसे आत. रिव्हरला राजा.' अशा एकेचाळीस नोंदी होत्या. प्रत्येकीत मी बरोबर खेळले होते आणि प्रत्येकीत शेवटचं पान माझ्यावर उलटलं होतं.

एकदा आईने विचारलं, "रोज रात्री काय टिपत असतेस गं?" मी तिला उत्साहाने समजावून सांगितलं. एक्के विरुद्ध राजे असतील तर शंभरात साधारण ब्याऐंशी वेळा एक्के जिंकतात, त्यामुळे माझा निर्णय बरोबर होता, निकाल चुकीचा लागला, याला बॅड बीट म्हणतात, वगैरे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. आणि एकूण किती गेले?"

तो आकडा फाइलमध्ये नव्हता.

पोकरकडे शब्दांची मोठी श्रीमंती आहे, आणि ती खोटी नाही. नशिबाबद्दल इतक्या अचूकपणे बोलणारी दुसरी बोली मला माहीत नाही. पण त्याच बोलीने मला दीड वर्षं एक साधं वाक्य बोलू दिलं नाही. म्हणून मी ते शब्द पुन्हा वाचायला घेतले. ज्या चित्रपटांतून आणि पुस्तकांतून ते माझ्यापर्यंत आले, तीही पुन्हा पाहिली. हा लेख त्या वाचनाचा आहे.

ब्लाइंड

आधी खेळ थोडक्यात. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्याने पाहायची. मग मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: पहिली तीन एकदम, तो 'फ्लॉप', चौथं 'टर्न', पाचवं 'रिव्हर'. दोन स्वतःची आणि पाच मधली, अशा सातांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, तो मधला 'पॉट' नेतो. दर टप्प्याला बोली असते. पैसे न लावता पाळी पुढे सरकवणं म्हणजे 'चेक', समोरच्याने लावलेत तेवढेच लावणं 'कॉल', वाढवणं 'रेझ', पानं टाकून बाजूला होणं 'फोल्ड' आणि समोरचं सगळं पुढे ढकलणं 'ऑल-इन'.

आपल्यापैकी बरेच जण इथे तीन पत्तीवरून येतात. मीही तशीच आले. गणपतीच्या जागरणात काड्यापेटीतल्या काड्या लावून आम्ही भावंडं तीन पत्ती खेळायचो. त्यामुळे 'ब्लाइंड' हा शब्द मला ओळखीचा वाटला आणि तिथेच पहिली गफलत झाली. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे आपली पानं न बघता खेळणं. न बघणाऱ्याला बघणाऱ्याच्या निम्मेच पैसे लावावे लागतात. पोकरमध्ये ब्लाइंड ही सक्तीची रक्कम आहे. पानं वाटण्याआधीच दोन खेळाडूंनी ती भरायची, एकाने लहान आणि एकाने मोठी, आणि ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते.

शब्द एक, पण स्वभाव किती वेगळे! आपल्या खेळात न बघण्याला सवलत आहे, त्याला हिंमत म्हणतात, आजूबाजूचे वाहवा करतात. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे खुर्चीचं भाडं. तुम्ही काहीच केलं नाहीत, शहाण्यासारखं प्रत्येक डाव सोडून दिलात, तरी तुमचे पैसे हळूहळू कमी होतात. नुसतं बसून राहण्यालाही किंमत असते, हे या शब्दात आहे.

आणखी एक फरक मला फार आवडतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सपेक्षा मोठा. हे कुणाच्या लहरीवर ठरलेलं नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात, त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. पाच पानांचे संच २५,९८,९६०; त्यांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ, ते मोठं. पोकरचे शब्द बाहेरून गुंड-मवाल्यांचे वाटतात, पण त्यांच्या मुळाशी मोजणी आहे.

टेल

मात्र चित्रपटांना मोजणीत रस नसतो. त्यांना दोन शब्द आवडतात: 'ब्लफ', म्हणजे हातात काही नसताना असल्यासारखं पैसे लावणं, आणि 'टेल', म्हणजे खेळाडूची पानं उघडी पाडणारी त्याची नकळत सवय.

'कॅसिनो रॉयाल'चंच बघा. इयन फ्लेमिंगच्या १९५३च्या कादंबरीत बाँड बॅकारा खेळतो. २००६च्या चित्रपटात त्या जागी होल्डेम आलं. कारण उघड आहे. २००३मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट (आडनाव खरंच मनीमेकर) शंभर डॉलरहूनही कमी फीच्या एका ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ती जिंकून पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर जगभर होल्डेमची लाट आली. बाँड त्या लाटेवर स्वार झाला.

चित्रपटातला शेवटचा डाव आठवतो? चार खेळाडू उरलेत. पहिल्याकडे फ्लश. दुसऱ्याकडे फुल हाउस, म्हणजे एकाच किमतीची तीन पानं आणि वर एक जोडी. ल शिफ्रकडे त्याहून मोठं फुल हाउस. आणि बाँडकडे इस्पिकचा स्ट्रेट फ्लश, म्हणजे एकाच रंगाची ओळीने पाच पानं. पॉटमध्ये अकरा कोटींहून जास्त डॉलर. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा श्वास रोखून बसले होते. खेळ शिकल्यावर पुन्हा पाहिला आणि हसू आलं. इथे बाँडने काय केलं? त्याच्याकडे सर्वांत भारी पानं होती. तो हरूच शकत नव्हता. कुठलाही नवशिका तिथे जिंकला असता. त्या डावात निर्णय असा नाहीच, नुसता उतरत्या पानांचा थाट आहे.

त्याच चित्रपटात याहून चांगला प्रसंग आधी येऊन जातो. ब्लफ करताना ल शिफ्रचा हात डोळ्याशी जातो, हे बाँड हेरतो. पुढे ल शिफ्र तीच खूण मुद्दाम करतो, बाँड फसतो आणि सगळं गमावतो. टेल ही सुद्धा एक भाषा आहे, आणि भाषा म्हटली की तिच्यात खोटं बोलता येतं, हे त्या प्रसंगाला कळलंय. पण शेवटच्या डावाच्या रोषणाईत तो हरवून जातो.

फोल्ड

'राउंडर्स' (१९९८) हा जॉन डालचा चित्रपट पोकर खेळणारे अजूनही मानतात. आता माझ्या लक्षात येतं की त्याचं कारण त्यातल्या विजयात नाही.

सुरुवातीलाच मॅट डेमनचा माइक आपली सगळी पुंजी, तीस हजार डॉलर, टेडी केजीबीसमोर एका डावात घालवतो. माइककडे नव्व्या आणि एक्क्यांचं फुल हाउस, टेडीकडे एक्के आणि नव्व्यांचं. पोकरमध्ये याला बॅड बीट म्हणत नाहीत. बॅड बीट म्हणजे पैसे आत जाताना तुम्ही बरेच पुढे होता आणि नंतरच्या पानाने मागे पडलात. इथे माइक पहिल्यापासून मागेच होता, फक्त त्याच्याकडची पानं इतकी चांगली होती की ती सोडणं जवळपास अशक्य. याला 'कूलर' म्हणतात. किती बारीक फरक आहे बघा! मराठीत आपण दोन्हीला 'नशीब फुटकं' म्हणून मोकळे होऊ.

चित्रपट त्याच्याही पुढे जातो. माइकची चूक त्या डावात नव्हती. सगळी पुंजी घेऊन त्या टेबलावर बसण्यात होती. त्यासाठीही शब्द आहे: 'बँकरोल', म्हणजे खेळासाठी वेगळी काढलेली आणि एका बैठकीत पूर्ण कधीच पणाला न लावायची रक्कम.

शेवटाकडे माइक पुन्हा टेडीसमोर बसतो. टेडी ओरिओ बिस्किटं खात असतो. पानं भारी असली की तो बिस्किट कसं खातो, हे माइकला कळतं. हातात चांगल्या दोन जोड्या असताना तो पानं टाकून देतो, आणि का टाकली तेही दाखवून देतो. माझ्या मते चित्रपटाचा खरा कळस हा आहे: एक माणूस जिंकण्यासारखी पानं खाली ठेवतो. पण माझ्या ओळखीतल्या कुणालाही 'राउंडर्स'मधलं काय आठवतं असं विचारलं, तर उत्तर येतं शेवटचा डाव, ज्यात माइककडे न हरणारी पानं आहेत आणि तो गप्प राहून टेडीला आत ओढतो. फोल्ड कुणालाच आठवत नाही. त्याला पार्श्वसंगीत नसतं.

खरा खेळ मात्र बहुतांशी फोल्डचा आहे. समजा, मध्ये ३०० रुपये आहेत, मला कॉल करायला १०० लागतील, आणि माझा फ्लश पूर्ण व्हायला बदामाचं एक पान हवंय. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदामाची ९. या नऊ पानांना 'आउट्स' म्हणतात. म्हणजे पाचात साधारण एकदा मला हवं ते पान येणार. पण ४०० मिळवायला १०० लावायचे तर चारात एकदा तरी जिंकायला हवं. हे गणित म्हणजे 'पॉट ऑड्स'. पुढच्या कमाईची शक्यता नसेल, तर उत्तर फोल्ड. या हिशेबात कुणाच्या डोळ्यात रोखून बघावं लागत नाही.

बॅड बीट, व्हेरिअन्स, टिल्ट

'राउंडर्स'मध्ये माइक एक जुनी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहतो. १९८८च्या वर्ल्ड सिरीजचा अंतिम डाव, जॉनी चॅन विरुद्ध एरिक सायडेल. चॅनकडे तयार सिक्वेन्स असतो, तो शांत बसतो, तरुण सायडेल ऑल-इन जातो आणि हरतो. चित्रपटामुळे सायडेलचा तो पराभव अमर झाला. हजारो लोकांनी त्याला फक्त हरतानाच पाहिलंय.

हाच सायडेल पुढे मारिया कॉन्निकोवाच्या 'द बिगेस्ट ब्लफ' (२०२०) या पुस्तकात गुरू म्हणून भेटतो. कॉन्निकोवा मानसशास्त्रज्ञ आणि पत्रकार. पत्त्यांच्या जोडात किती पानं असतात इथपासून तिची सुरुवात. ती सायडेलकडे खेळ शिकायला जाते, कारण तिला कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं ते बघायचंय. पुस्तकात एक प्रसंग आहे. ती हरून येते आणि त्याला आपल्या बॅड बीटची कहाणी सांगू लागते. तो ऐकायलाच तयार नसतो. तू निर्णय कसा घेतलास, त्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचार, असा त्याचा पवित्रा. पानं कशी पडली यात शिकण्यासारखं काही नसतं.

हे वाचताना मला माझी ती फाइल आठवली. एकेचाळीस कहाण्या, आणि सायडेलने त्यांतली एकही ऐकली नसती.

निर्णय आणि निकाल यांना वेगळं करणं ही पोकरच्या भाषेची मोठी देणगी आहे. परीक्षा, मुलाखत, लग्न, शेअर, सगळीकडे आपण निकालावरून निर्णय जोखतो. जिंकला तो हुशार, हरला तो मूर्ख. पोकर म्हणतं, थांबा, बरोबर खेळूनही हरता येतं. या चढउताराला तिथे 'व्हेरिअन्स' असा संख्याशास्त्रातला कोरडा शब्द आहे. आणि हरल्याच्या रागात माणूस वेड्यासारखा खेळू लागला की तो 'टिल्ट'वर गेला म्हणतात. पिनबॉलचं यंत्र जोरात हलवलं की ते 'टिल्ट' दाखवून बंद पडायचं, तिथून हा शब्द आला. स्वतःच्या रागाला इतकं नेमकं नाव असणं ही चांगली गोष्ट आहे.

कॉन्निकोवाच्या पुस्तकाबद्दल माझी एकच तक्रार आहे. हे शब्द किती उपयोगी आहेत ते ती उत्तम दाखवते, पण ते किती सोयीचे आहेत याकडे तिचं पुरेसं लक्ष जात नाही. तिला सायडेल मिळाला होता. माझ्यासारख्या फोनवर एकट्या खेळणाऱ्याला कहाणी मध्येच तोडणारं कुणी नसतं. मग व्हेरिअन्स हे स्पष्टीकरण न राहता आसरा होतं. पाच दिवस हरले: व्हेरिअन्स. महिना हरले: मोठा व्हेरिअन्स. जिंकले त्या दिवशी मात्र तो शब्द मला कधीच आठवला नाही. त्या दिवशी ते कौशल्य असायचं.

रेक

आता तो शब्द, ज्याच्यावर बाँडचा कॅमेरा कधी थांबत नाही आणि 'राउंडर्स'च्या मोठ्या क्षणांत ज्याला जागा नाही. 'रेक' म्हणजे प्रत्येक पॉटमधून खेळवणाऱ्याने काढून घेतलेला हिस्सा. साधारणपणे पाच टक्क्यांच्या आसपास, वर काहीतरी कमाल मर्यादा.

पाच टक्के म्हणजे काय, ते मांडून बघा. समजा सहा जण एकेक हजार घेऊन बसले. टेबलावर सहा हजार. सरासरी पॉट दोनशेचा, त्यातून दहा रुपये रेक. फोनवर तासाला साठ डाव सहज होतात. म्हणजे तासाला सहाशे. दहा तासांत सहा हजार. सगळे सारखेच हुशार असतील आणि कुणी नवे पैसे आणले नाहीत, तर दहा तासांनी टेबलावर काहीच उरत नाही. कुणीच जिंकलेलं नसतं. कुणाला बॅड बीट बसला नाही, कुणी टिल्टवर गेलं नाही, तरीही.

पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, एकमेकांविरुद्ध खेळता, असं अभिमानाने सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण म्हणूनच खेळवणारा नजरेतून निसटतो. तो खेळाडू नाही, शत्रू नाही, त्याला टेल नाही. कथेला असा माणूस नको असतो.

'मॉलीज गेम' (२०१७) हा ॲरन सॉर्किनचा चित्रपट इथे अपवाद आहे, कारण त्याची नायिकाच खेळवणारी आहे. ती श्रीमंतांचे डाव भरवते, आधी टिपवर भागवते, आणि मग पॉटमधून हिस्सा काढू लागते. कायद्याच्या दृष्टीने तीच सीमारेषा. सॉर्किनला रेकचं महत्त्व कळलंय. पण तोही तिच्या बाजूला बसूनच गोष्ट सांगतो.

आपल्याकडे मात्र ही व्यक्ती फार पूर्वीपासून ओळखीची होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो. हो, पाचच. याज्ञवल्क्यस्मृतीतही अड्डा चालवणाऱ्याचा हिस्सा ठरवून दिलाय. त्या माणसाला संस्कृतात नाव आहे: सभिक. आणि शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त हा सभिक चक्क रंगमंचावर येतो. नाव माथुर. देवलांच्या नाटकामुळे 'मृच्छकटिक' आपल्याला वसंतसेना-चारुदत्ताची प्रेमकथा म्हणून माहीत आहे, पण मूळ संस्कृत नाटकाचा दुसरा अंक उघडून बघा. संवाहक दहा सुवर्णमुद्रा हरून पळालाय. एका ओस देवळात तो मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर आणि दुसरा जुगारी आत येतात. त्यांना संशय येतो. ते त्याला पकडत नाहीत, तिथेच बसून फासे खेळू लागतात. फाशांचा आवाज येतो, आणि मूर्तीला राहवत नाही. संवाहक स्वतःहून पुढे येतो आणि पकडला जातो.

टेलवरचा याहून चांगला प्रसंग मला कुठल्याही पोकरच्या चित्रपटात सापडलेला नाही. हॉलिवूडमध्ये खेळाडू दुसऱ्या खेळाडूचं मन वाचतो. शूद्रकाकडे सभिक खेळाडूचं मन वाचतो. पाठलाग करायची गरज नाही, नुसता आवाज पुरेसा आहे, हे त्याला ठाऊक आहे. माझ्या फोनवर रात्री साडेअकराला 'तुमचं टेबल तयार आहे' अशी घंटी वाजायची आणि मी उठून बसायचे. ते दृश्य वाचताना मला हसू आलं नाही.

हिशेब

मी स्वतःहून थांबले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि माझ्या अ‍ॅपने पैशांची टेबलं बंद केली. मांडवीतल्या जहाजांवर पानं वाटली जातातच, पण तिथे जायला गोव्याचं तिकीट काढावं लागतं. अंथरुणात पडल्यापडल्या खेळता येत नाही.

शिल्लक खात्यात परत आली त्या दिवशी मी बँकेचं स्टेटमेंट उघडलं आणि आईच्या प्रश्नाची बेरीज केली. दीड वर्षात गेले ८१,५००. परत आले १९,२००. बॅड बीट्सच्या फाइलमधल्या सगळ्या डावांचे मिळून सुद्धा बारा-तेरा हजारच होत होते. बाकीचे पन्नास हजार कुठल्याही कहाणीत नव्हते. ते लहान-लहान कॉलमध्ये, फोल्ड करायला हवं होतं तिथे, आणि रेकमध्ये गेले होते. त्यांची नोंद करावी असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

मी पोकरचे शब्द टाकून दिलेले नाहीत. परवा एका मैत्रिणीची मुलाखत चांगली होऊनही नोकरी हुकली, तेव्हा तिला निर्णय आणि निकाल यांतला फरक सांगितला. तिला बरं वाटलं. पण आता असा कुठलाही नेटका शब्द माझ्या तोंडी आला की मी एक गोष्ट तपासते: हा शब्द मला काही दाखवतोय, की झाकतोय? पोकरवरचं नवं पुस्तक किंवा चित्रपट आला तरी मी आधी तेच बघते. यातला सभिक कुठे बसलाय, आणि लेखकाने त्याला बघितलंय का?

आईला आकडा सांगितला. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हरलीस."

"हो," मी म्हटलं. "हरले."